काइसरसेमल: व्हिएन्नाच्या कडक पावामागची पार्श्वभूमी

ऑस्ट्रियात न्याहारीच्या टोपलीत जो छोटा गोल पाव हमखास असतो, तो सेमल. त्याचा मानाचा प्रकार म्हणजे काइसरसेमल: वर मध्यापासून कडेकडे वळत गेलेल्या पाच घड्या, बोटाने दाबताच करकरून तडकणारे कवच आणि आत हलका, पांढरा गर. मुंबईच्या इराणी बेकरीतला ब्रून ज्यांनी चहात बुडवून खाल्ला आहे त्यांना कडक पाव म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पण ब्रूनचे कवच जाड असते, दातांना काम देते. सेमलचे कवच त्याच्या निम्मेही नसते आणि ते चावावे लागत नाही, फुटते.

कृती म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल एवढी: मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, थोडे माल्ट (मोड आणलेल्या जवाचे पीठ), थोडे लोणी. तरी घरी केलेला सेमल बहुतेक वेळा नक्षी काढलेला बनपाव होऊन बाहेर येतो. हा पाव कुणा एका बेकरने शोधून काढलेला नाही, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे. पीठ, यीस्ट, वाफ आणि हाताची घडी या चार गोष्टी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांनी सुधारल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या व्हिएन्नाच्या भट्ट्यांत एकत्र आल्या. घरच्या ओव्हनमध्ये यातली एक जरी सुटली तरी पाव लगेच चुगली करतो.

किंमत ठरलेली, वजन बदलते

गव्हाचा पांढरा पाव मध्य युरोपात अनेक शतके शहरी, सुखवस्तू लोकांचा होता. बाकीच्यांच्या ताटात राय धान्याची आंबूस, काळसर भाकर. पावाचा व्यापार पूर्णपणे सरकारी देखरेखीखाली चाले. छोट्या पावाची किंमत नाण्यात ठरलेली असे आणि धान्याचा भाव चढला की पावाचे वजन उतरे. एका नाण्याला एक सेमल, मग तो यंदा मोठा असो की लहान. ठरलेल्या वजनापेक्षा हलका पाव विकणाऱ्या बेकरला व्हिएन्नात पिंजऱ्यात बसवून डॅन्यूब नदीच्या पाण्यात बुचकळून काढत. या शिक्षेला ‘बेकरशुप्फेन’ म्हणत आणि ती अठराव्या शतकापर्यंत टिकून होती.

काइसर म्हणजे सम्राट. हे नाव या पावाला कसे लागले याच्या दंतकथा बऱ्याच आहेत. १७५० च्या आसपास बेकर संघाचे लोक दरबारात गेले, सोबत नेलेला उत्तम पाव सम्राटाला आवडला आणि त्याने भावाचे बंधन सैल केले, ही त्यातली सर्वांत लाडकी. तिच्यावर फार भार टाकू नये. ऑस्ट्रियात सर्वांत चांगल्या मालाला काइसर जोडण्याची रीतच होती, अगदी वरच्या प्रतीच्या पिठालाही. दंतकथेपेक्षा नाण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. किंमत वाढवता येत नाही, वजन कमी करता येत नाही, तर शेजारच्या बेकरच्या पुढे जायचे कसे? रंगाने, कवचाने, घडीच्या नेटकेपणाने. सेमलमध्ये कष्टाचा वाटा सामानापेक्षा जास्त का आहे, याचे उत्तर इथे सापडते. १८५९ च्या व्यवसाय कायद्याने कारागीर संघांची जुनी मक्तेदारी मोडली, तोवर ही सवय हातात पुरती मुरली होती.

पीठ: आधी रवा, मग मैदा

हंगेरीच्या मैदानात कोरड्या, कडक उन्हाळ्यात पिकणारा गहू टणक आणि प्रथिनांनी भरलेला असतो. तो जात्यात एकदाच बारीक दळला तर कोंड्याचा चुरा होऊन पिठात मिसळतो आणि मग चाळूनही निघत नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या गिरण्यांनी वेगळा मार्ग धरला. दगडांतले अंतर जास्त ठेवून गहू आधी नुसता फोडायचा, त्यातून रवा वेगळा करायचा, हवेच्या झोताने रव्यातला हलका कोंडा उडवायचा आणि मग तो स्वच्छ रवा पुन्हा टप्प्याटप्प्याने दळायचा. रवा साफ करण्याच्या यंत्रासाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा ऑस्ट्रियन गिरणीवाला इग्नात्स पाउर याचे नाव घेतले जाते. पुढे दगडांची जागा लोखंडी रुळांनी घेतली. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात आंद्राश मेखवार्टने १८७४ मध्ये कठीण केलेल्या ओतीव लोखंडाचे रूळ बसवलेली गिरणी आणली आणि ही पद्धत जगभर गेली. आपण आज जो मैदा आणतो तो याच वंशातला. चक्कीची कणीक मात्र नाही. चक्कीत स्टार्चचे कण जास्त दुखावतात, त्या पिठाला पाणी जास्त लागते आणि कोंड्याच्या कडा गव्हाच्या चिवट जाळीला चिरतात. पोळीला हे सगळे गुण लागतात. सेमलला ते मारक.

ऑस्ट्रियात पिठाची प्रत आकड्याने सांगतात. सेमलसाठी डब्ल्यू ७०० वापरतात. आकडा राखेचा, म्हणजे पीठ जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचा. डब्ल्यू ४८० अधिक पांढरे, ते केकसाठी. म्हणजे खऱ्या सेमलचे पीठ अगदी पांढरेशुभ्र नसते, आणि त्याच्या चवीचा बराच भाग त्या किंचित मातकट छटेत असतो. आपल्या मैद्यात ही चव आणायची तर ५०० ग्रॅमपैकी २५ ग्रॅम मैद्याच्या जागी बारीक चाळलेली कणीक घालावी. याहून जास्त नको.

मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघून घ्या. १०० ग्रॅममध्ये ११ ते १२ ग्रॅम असतील तर काहीच करायला नको. १० च्या खाली असेल तर ५०० ग्रॅमला ५ ते ८ ग्रॅम गव्हाचे सुटे ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, मिसळा. कमकुवत मैद्याचा सेमल वर न उठता आडवा पसरतो आणि घड्या सपाट होऊन जातात.

बिअर बदलली, म्हणून यीस्ट बदलले

व्हिएन्नाच्या पांढऱ्या पावाची ख्याती होती ती आंबटपणा नसल्याबद्दल. आंबवलेल्या पिठाच्या विरजणाऐवजी तिथले बेकर बिअरच्या भट्टीवरून यीस्ट आणत. बिअर आंबताना वर फेसाबरोबर तरंगून येणारे हे यीस्ट कणकेत जोमाने चाले. मग १८४१ मध्ये अँटोन ड्रेहरने व्हिएन्नाजवळच्या श्वेखाट इथे थंडीत, सावकाश आंबणारी लागर बिअर काढली. ती लोकांना आवडली आणि एकेक भट्टी तिकडे वळली. लागरचे यीस्ट तळाशी बसते, थंडीत काम करते, त्याला हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा चिकटलेला असतो आणि कणीक फुगवायला ते सुस्त. बिअर पिणाऱ्यांची चैन झाली, बेकरांचे मात्र हाल.

१८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या बेकरांनी पर्यायी यीस्टसाठी बक्षीस लावले. ते पटकावले झांक्त मार्क्स भट्टीच्या आडोल्फ इग्नात्स माउटनरने. त्याच्या पद्धतीत मका, राय आणि जवाचे माल्ट यांचा घोळ आंबवत, वर येणारा यीस्टचा फेस काढून घेत, थंड पाण्याने धूत आणि दाबून त्याची वडी करत. बेकरला पहिल्यांदाच असे यीस्ट मिळाले जे तराजूत मोजता येते, दररोज सारखे वागते आणि ज्याला बिअरचा वास नाही. मद्यार्क हे जोडउत्पादन, तेही विकले जाई. ‘व्हिएन्ना पद्धत’ या नावाने ही रीत युरोपभर पसरली. आजही बेकरीला लागणारे ताजे यीस्ट वडीच्या रूपातच मिळते.

घरच्या प्रमाणात सांगायचे तर ५०० ग्रॅम मैद्याला १५ ग्रॅम ताजे यीस्ट, किंवा त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ५ ग्रॅम इन्स्टंट (कोरडे, दाणेदार) यीस्ट. हे प्रमाण भारतीय उन्हाळ्यात जास्त होते. स्वयंपाकघरात ३३-३४ अंश असतील तर इन्स्टंट ३ ग्रॅमवर आणा.

व्हिएन्नातले जुने बेकर सगळे यीस्ट एकदम कणकेत घालत नसत. आधी थोडे पीठ, तेवढेच पाणी आणि चिमूटभर यीस्टचे सैल मिश्रण ठेवत. ऑस्ट्रियात त्याला ‘डाम्फल’ म्हणतात. आता घाईच्या काळात हा टप्पा बहुतेक ठिकाणी गळला आहे आणि माझ्या मते चव तिथेच हरवते. १५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम पाणी आणि चिमूटभर इन्स्टंट यीस्ट झाकून ठेवा. २० अंशांच्या आसपास १० ते १२ तास, उकाड्यात ४ ते ५ तास. वरचा भाग फुगून मधोमध नुकताच खचू लागला की ते तयार. पार बसले, आंबट वास आला, तर वेळ टळली. अशा डाम्फलची कणीक चिकट होते आणि घडी धरत नाही.

वाफ: व्हिएन्ना ते पॅरिस

सेमलची तुकतुकी अंड्याची नाही, दुधाची नाही, ती वाफेची आहे. व्हिएन्नाच्या भट्टीचा तळ तोंडाकडे उतरता असे आणि तोंड ठेंगणे, त्यामुळे वाफ वरच्या घुमटात अडकून राही. पाव घालण्याआधी ओल्या गवताच्या पेंढीने तळ पुसत. सफाई आणि वाफ दोन्ही एकदम.

ही भट्टी बाहेर नेली औगुस्ट त्सांग या माजी तोफखाना अधिकाऱ्याने. १८३८-३९ च्या सुमारास त्याने पॅरिसमध्ये ९२, र्‍यू द रिशल्यू इथे ‘बुलांजरी व्हिएन्वाज’ उघडली. त्याच्या किप्फर्ल या चंद्रकोरीसारख्या पावावरून पुढे क्रोआसाँ झाला हे बऱ्याच जणांना माहीत असते. वाफेच्या भट्टीची गोष्ट तितकी सांगितली जात नाही, पण फ्रेंच बेकरांनी त्याच्याकडून खरोखर उचलली ती ही. त्सांग स्वतः १८४८ मध्ये व्हिएन्नाला परतला आणि त्याने ‘डी प्रेसे’ हे वर्तमानपत्र काढले. बेकरी त्याच्या आयुष्यातला एक टप्पा होता इतकेच.

वाफ करते काय? भट्टीत गेलेली कणीक थंड असते. तप्त वाफ तिच्यावर आदळून पाणी होते आणि होताना मोठी उष्णता सोडते. पृष्ठभागावरच्या स्टार्चची पातळ खळ बनते आणि पुढे वाळून ती चमकते. शिवाय वरची त्वचा पहिली काही मिनिटे लवचिक राहते, म्हणून पाव पुरता फुगतो. वाफ नसेल तर त्वचा आधीच सुकते, पाव आतल्या आत अडतो, रंग मातीसारखा निस्तेज येतो आणि कवच जाड होते. उलट बाजूही तितकीच खरी. शेवटपर्यंत वाफ कोंडून राहिली तर कवच चिवट होते. पहिल्या आठ मिनिटांत दमट आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोरडी ठणठणीत हवा, असे दोन स्वभाव एकाच भट्टीत हवेत.

घरच्या ओटीजीत यासाठी ओव्हन कमाल आचेवर, निदान २३० अंशांवर, ३५ ते ४० मिनिटे तापवा. तापल्याचा दिवा आठ-दहा मिनिटांतच विझतो. त्यावर विसंबू नका, तो फक्त हवेचे तापमान सांगतो. खालच्या खणात एक जुना लोखंडी तवा किंवा जाड ट्रे पहिल्यापासून ठेवा. पाव आत गेले की त्यात १०० मिलिलीटर उकळते पाणी ओता आणि लगेच दार लावा. ओतताना दाराच्या काचेवर कोरडा पंचा टाका. तापल्या काचेवर थेंब पडला तर ती तडकू शकते. खालच्या कॉइल उघड्या असतील तर पाणी ओतायच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी पावांवर पहिली सात मिनिटे तापलेले स्टीलचे पातेले उपडे घाला, कणकेतून निघणारी वाफच पुरते. कन्व्हेक्शनचा पंखा बंद होत असेल तर वाफेच्या वेळी बंद ठेवा, कारण तो वाफ बाहेर ढकलतो.

प्रदर्शने आणि अमेरिका

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात व्हिएन्नाच्या बेकरीने गर्दी खेचली. १८७३ मध्ये खुद्द व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरले तेव्हा अमेरिकेचे रसायनशास्त्रज्ञ एबन नॉर्टन हॉर्सफर्ड तिथे होते. बेकिंग पावडरच्या धंद्याशी त्यांचा जवळचा संबंध. त्यांनी व्हिएन्नाच्या पावावर जो अहवाल लिहिला तो १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला. गहू, दळण, यीस्ट, भट्टी असे सगळे त्यांनी बारकाईने नोंदवले. त्यातले प्रमाण असे: ८ पौंड पीठ, दूध आणि पाणी समसमान मिळून ३ क्वार्ट, साडेतीन औंस दाबलेले यीस्ट आणि १ औंस मीठ.

आजच्या मापात हे साधारण ३,६३० ग्रॅम पीठ, २,८४० मिलिलीटर द्रव, १०० ग्रॅम यीस्ट आणि २८ ग्रॅम मीठ होते. म्हणजे मीठ पिठाच्या एक टक्काही नाही. आज २ टक्के घालतात. द्रव मात्र ७८ टक्के. हे वाचून कुणी आपल्या मैद्यात तेवढे द्रव ओतू नये. कोरड्या हवेत पिकलेल्या टणक हंगेरियन गव्हाच्या पिठाला ते पेलत असेल. आपल्या मैद्याचा त्यात चिखल होतो आणि घडी घालायचा प्रश्नच उरत नाही. दुधाचेही तसेच. दुधाने गर मऊ होतो, रंग लवकर येतो, पण कवच सादळायला वेळ लागत नाही. पुढे व्हिएन्नात साधा सेमल पाण्याचाच राहिला.

१८६८ मध्ये चार्ल्स आणि मॅक्सिमिलियन फ्लाइशमान या ऑस्ट्रियन साम्राज्यातून आलेल्या भावांनी जेम्स गॅफ यांच्यासोबत सिनसिनाटीत दाबलेले यीस्ट बनवायला सुरुवात केली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्यांनी नमुन्याची व्हिएन्ना बेकरी थाटली: लोक काचेआड पाव बनताना बघत आणि शेजारी बसून कॉफीबरोबर खात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांच्याच घराण्याची व्हिएन्ना बेकरी होती. तिथे मध्यरात्री उरलेला पाव गरिबांना वाटत आणि त्यासाठी रांग लागे. अमेरिकेतला ‘कायझर रोल’ या वाटेने आला. आता तो मऊ, गोडसर, मोठा असतो आणि त्याचा मूळ पावाशी संबंध मुख्यतः वरच्या चक्रापुरता उरला आहे. साम्राज्यात राहिलेल्या प्रदेशांत नाते जास्त जवळचे टिकले. पोलंडची ‘कायझेर्का’, क्रोएशियाची ‘कायझेरित्सा’ ही त्याच पावाची भावंडे. मिलानची पोकळ ‘मिकेता’ही ऑस्ट्रियन अमलातून आली असे तिथे सांगतात.

हाताची घडी

आता मुख्य काम. बारा सेमलसाठी एकूण मैदा ५०० ग्रॅम, पाणी २८० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, लोणी १० ग्रॅम, माल्ट पावडर ५ ग्रॅम आणि वर सांगितल्याप्रमाणे यीस्ट. डाम्फल केले असेल तर त्यातला १५० ग्रॅम मैदा आणि १५० ग्रॅम पाणी या हिशेबात धरा आणि उरलेले यीस्ट निम्मे करा.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवून दळलेला जव. त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात, यीस्टला खाद्य मिळते आणि कवचाला तांबूस रंग येतो. नाचणीचे सत्त्व घरी करणाऱ्यांना ही प्रक्रिया ठाऊकच आहे. जव मिळाला तर भिजवून, मोड आणून, पंख्याखाली किंवा ५० अंशांच्या आत वाळवून दळा. भाजू नका, भाजल्याने एन्झाइम्स मरतात. बाजारातल्या माल्टच्या पेय-पावडरींत ती जिवंत नसतात, त्यांचा उपयोग साखरेपुरता. काहीच नसेल तर ५ ग्रॅम साखर घाला, रंगाचे काम भागते. जिवंत माल्ट ५ ग्रॅमच्या वर गेले तर गर ओला, चिकट राहतो आणि सुरीला लागतो.

कणीक घट्ट हवी, पोळीच्या कणकेहून जरा घट्ट, आणि हाताने १२ मिनिटे मळलेली. मळून झाल्यावर तिचे तापमान २५ अंशांजवळ असावे. त्यासाठी २५ ला तीनने गुणा, त्यातून खोलीचे आणि पिठाचे तापमान वजा करा, आणि हाताच्या घर्षणाचे २ अंश वजा करा. उरले ते पाण्याचे तापमान. नागपूरच्या मे महिन्यात खोली ३४ आणि पीठ ३३ असेल तर उत्तर ६ अंश येते, म्हणजे फ्रिजचे पाणी. गरम झालेली कणीक मळतानाच फुगू लागते आणि घडी घालेपर्यंत ढिली पडते.

३० मिनिटे झाकून ठेवा. मग सुमारे ६८ ग्रॅमचे बारा गोळे करा, घट्ट वळा, पुन्हा १२-१५ मिनिटे झाकून ठेवा. ही दुसरी विश्रांती टाळली तर चकती दाबताच आक्रसते. पिठीसाठी व्हिएन्नात रायचे पीठ वापरतात, कारण त्यात गव्हासारखे चिवट ग्लुटेन तयार होत नाही आणि दोन घड्या एकमेकींत विरघळत नाहीत. आपल्याकडे तांदळाची पिठी किंवा बारीक ज्वारीचे पीठ हे काम चोख करते. नाचणीने डाग पडतात.

गोळा पिठीवर दाबून ९-१० सेंटीमीटरची चकती करा, कडा मध्यापेक्षा थोड्या पातळ. डाव्या हाताचा अंगठा मध्यावर टेकवा आणि शेवटपर्यंत उचलू नका. उजव्या हाताने कडेचा भाग अंगठ्यावरून मध्यापर्यंत आणा आणि तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने अंगठ्यालगत एक ठोका द्या. या ठोक्याने घडी बसते आणि तिची धार उठून दिसते. चकती थोडी फिरवा, नुकत्याच घातलेल्या घडीच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून पुढचा भाग उचला, तसाच आणा, तसाच ठोका. अशा चार घड्या. पाचव्या वेळी उरलेले टोक उचला, अंगठा काढा आणि ते टोक अंगठ्याने सोडलेल्या खड्ड्यात खोचून दाबा. सराव असलेला बेकर हे काही सेकंदांत करतो. पहिल्या काही गोळ्यांत घड्या चार किंवा सहा होतील, होऊ द्या. ठोका मात्र घाबरत देऊ नका.

मग पाव पिठी भुरभुरलेल्या कापडावर उपडे ठेवायचे, घडीची बाजू खाली. आपल्याच वजनाने घड्या बंद राहतात आणि तोंड सुकत नाही. झाकून ३० ते ४० मिनिटे, उकाड्यात २० सुद्धा पुरतात. बोट हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला की उलटा करून ट्रेवर घ्या, पाण्याचा हलका फवारा मारा आणि २३० ते २४० अंशांवर १६ ते १८ मिनिटे भाजा. आठव्या मिनिटाला पाण्याचा तवा काढून घ्या. शेवटची चार मिनिटे दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा. ६८ ग्रॅमचा गोळा भाजून ५५ ते ५८ ग्रॅमवर यायला हवा. तो ६२ भरला तर आत पाणी उरले आहे, आणि अर्ध्या तासात तेच पाणी कवचात येऊन पाव सादळणार.

घड्या पार मिटून गेल्या असतील तर कारण बहुधा जास्त फुगवणे किंवा कमी पिठी. घड्या फुलासारख्या उघडून वेगळ्या झाल्या असतील तर उलट: पिठी फार, फुगवणे कमी, किंवा शेवटचे टोक नीट खोचलेले नाही. पाव बाजूने फाटला असेल तर वाफ कमी पडली. ज्यांचे ओव्हन २०० अंशांपलीकडे जात नाही त्यांनी साखर ५ ग्रॅमने वाढवून २२ मिनिटे भाजावे. पाव चांगला होईल, पण कवच जाड राहील, ते मान्य करावे लागते.

ठसा आणि हात

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये ऑस्ट्रियात पाव आणि पिठाचे रेशनकार्ड आले आणि पांढरा सेमल चैनीची गोष्ट ठरला. त्याआधीच मोठे कारखाने उभे राहू लागले होते. हाइनरिख आणि फ्रिट्स मेंडल या भावांनी १८९१ मध्ये व्हिएन्नाच्या फावोरिटनमध्ये सुरू केलेला ‘अंकरब्रोट’ त्यात सर्वांत नावाजलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर घडीची जागा यंत्राच्या ठशाने घेतली. गोल गोळ्यावर पाच रेषांचा साचा दाबायचा, झाले. कष्टाचा पाव स्वस्त झाला आणि हाताने घडी घातलेल्या पावाला ‘हांडसेमल’ असे वेगळे नाव लागले. ऑस्ट्रियाच्या कृषी खात्याने पारंपरिक खाद्यपदार्थांत त्याची नोंद केली आहे.

दोन्हींतला फरक कापल्यावर दिसतो. ठशाच्या पावाचा गर सगळीकडे सारखा, एकसलग. हांडसेमल आडवा कापला तर घडीच्या थरांची वळणे दिसतात, हाताने तोडला तर तो पाकळीपाकळीने सुटतो. घड्यांच्या मधल्या सापटीत कवच जास्त बनते, म्हणून खरपूस चवही जास्त.

हा पाव चार-पाच तासांचाच. म्हणून व्हिएन्नाचे बेकर रात्रभर राबत आणि गिऱ्हाईक सकाळी घेई. दुसऱ्या दिवशी उरलेल्याचे तुकडे दूध-अंड्यात भिजवून क्नोडल हे उकडलेले गोळे करतात, आणि पूर्ण वाळलेल्याचा चुरा श्निट्सलला, म्हणजे तळायच्या मांसाच्या पातळ कापाला, लावतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चार तासही धरू नका. पूर्ण निवल्यावर उरलेले लगेच फ्रीजरमध्ये टाका, साध्या फ्रिजमध्ये नाही, तिथे गर फार लवकर शिळा होतो. काढल्यावर वरून पाण्याचा हात फिरवून १८० अंशांवर ६-७ मिनिटे तापवा. कवच पुन्हा करकरीत होते, पण एकदाच. दुसऱ्यांदा तापवलेला सेमल थेट चुऱ्याच्या डब्यात जातो.